दत्तोपंतांच्या नावची शतपावली

काष्टीत यज्ञेश्वरभटांना जेवायला बोलवायचं, तर यजमानाने आधी स्वयंपाकघरात जाऊन विचारून यावं लागे. पंगतीत लाडू वाढणारा त्यांच्या पानापाशी आला की टोपली खाली टेकवूनच उभा राही, कारण सारखं पुढे-मागे करण्यापेक्षा ते सोपं होतं. भटजी उंच, गोरे, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने गरीब. पोट मात्र गरीब नव्हतं. धोतराच्या निऱ्या त्याच्यावरून सारख्या घसरत आणि भटजी मंत्र म्हणता म्हणता डाव्या हाताने त्या वर ओढत.

खाणं हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. श्राद्धाला ब्राह्मण पोटभर जेवला की पितर तृप्त होतात, हे गावाने मानलेलं. त्या हिशेबाने गावाच्या तीन पिढ्या यज्ञेश्वरभटांच्या पोटातून जेवून गेल्या होत्या. आणि नुसतं जेवणच कशाला? तीस वर्षं ते सगळं दुसऱ्यासाठीच करत आले होते. कुणाच्या ग्रहाचा जप यांनी करायचा, कुणाच्या नवसाचा उपास यांनी धरायचा. एका बाईचे पाय सुजले म्हणून तिच्या वतीने पिंपळाला अकराशे प्रदक्षिणाही यांनीच घातल्या होत्या. यजमानाने तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा, कष्ट भटजींनी करायचे, आणि शेवटी भटजींनी पळीभर पाणी यजमानाच्या हातावर घालून त्या कष्टांचं फळ त्याला देऊन टाकायचं. याला श्रेयोदान म्हणतात. फळ देऊन झालं की भटजी मोकळे, शिधा बांधून घरी.

लढाई सुरू होऊन चार वर्षं होत आली होती. साखर रेशनवर गेली होती, पण गुळाला कुणी हात लावला नव्हता आणि श्राद्धं काही लढाईसाठी थांबत नाहीत. त्या उन्हाळ्यात यज्ञेश्वरभटांना तहान फार लागायला लागली. पूजेला जाताना ते दोन तांबे नेऊ लागले, एक देवाचा आणि एक स्वतःचा. रात्री तीनतीनदा उठायचे. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, फार बोलणारी नव्हती, पण तिची नजर बारीक होती.

"अहो, एक सांगू? परसात शेवग्याखाली तुम्ही जाऊन येता ना, तिथे मुंग्या लागतात," ती एकदा म्हणाली.

"लागणारच. मुंग्यांना पुण्य कळतं," भटजी म्हणाले आणि पाणी मागितलं.

आता दत्तोपंतांकडे येऊ. समोरच्याच घरात ते राहत. नगरच्या कोर्टात शिरस्तेदारी करून पेन्शनीत निघालेले, भटजींपेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि अजून सगळं जग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं आहे असं समजून बोलणारे. रोज संध्याकाळी ते आपल्या ओट्यावर बसून गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवत. रशियात काय झालं, ब्रह्मदेशात काय झालं, हे काष्टीला दत्तोपंतांच्या तोंडून कळे. त्यांची ती ऐट होती, आणि खरं सांगायचं तर पेन्शनीत निघाल्यावर तेवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं. पण वर्षभरात अक्षरं पुसट व्हायला लागली. चष्मा बदलला, दिवा बदलला, शेवटी वर्तमानपत्राच्या शाईला शिव्या दिल्या. काही फरक पडेना.

श्रीगोंद्याचे डॉक्टर नृसिंहराव दर बाजारच्या दिवशी सायकलवरून काष्टीला येत. तरुण माणूस, पोटतिडकीने बोलणारा. त्यांनी दत्तोपंतांच्या लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकले, काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि नळीतलं निळं पाणी बघता बघता विटेसारखं लाल झालं.

"हा मधुमेह. निळं राहायला हवं. हिरवं, पिवळं, नारिंगी, अशा पायऱ्या चढत तुम्ही थेट माडीवर पोचलात. डोळ्यांवर पडदा आलाय तो याचाच. असंच राहिलं तर वर्ष-दोन वर्षांत काही दिसायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

दत्तोपंतांची पत्नी नीलांबरीकाकू दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी नेला.

"औषध द्या," दत्तोपंत म्हणाले.

"इन्शुलिनची सुई असते. पण लढाईमुळे ती मुंबईतसुद्धा मिळेना झालीय. गोड बंद करा, भात अर्धा करा. आणि दोन्ही वेळा जेवून उठलात की पाव तास चाला. पहाटे दोन मैल जाऊन आलात तर वाईट नाही, पण मला ते नको. जेवण झाल्या झाल्या हवं. अन्नातली साखर रक्तात उतरते ती त्याच वेळी. पाय हलत असले की ते ती सरपणासारखी जाळतात. तुम्ही आडवे झालात की ती तशीच राहते आणि डोळे खाते."

दत्तोपंतांचा चेहरा पडला. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर दीड तास, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. नगरच्या कोर्टात मुन्सफ बदलले, पण वामकुक्षी बदलली नाही.

"जेवून रस्त्याने हिंडायला मी काय टपालवाला आहे?"

डॉक्टरांना वाटलं, म्हाताऱ्याला शास्त्राचा आधार दिला तर ऐकेल. "अहो, हे मी सांगत नाही. आपल्याच शास्त्रात आहे. भुक्त्वा शतपदं गच्छेत्. जेवून शंभर पावलं चालावं." एवढं बोलून ते खुशीत सायकलवर बसून गेले.

घोटाळा झाला तो इथेच. दत्तोपंतांनी मिनिटभर विचार केला आणि समोरच्या घराकडे हाक मारली.

"यज्ञेश्वरा! शतपावली शास्त्रात आहे ना रे?"

"आहे की."

"मग ती तू करायची. माझ्या नावाने."

भटजी जरा घुटमळले. पण घुटमळायला तरी मुद्दा काय होता? पिंपळाच्या प्रदक्षिणा चालतात, तर शतपावली का चालू नये? शिवाय दत्तोपंतांचे डोळे जाणार, हे त्यांनीही ऐकलं होतं. आषाढी द्वादशीला पाटावर बसून रीतसर संकल्प झाला. दत्तोपंतांच्या नेत्ररक्षणासाठी चातुर्मासभर दोन वेळची शतपावली, आणि कार्तिकी द्वादशीला श्रेयोदान.

मग नियम ठरले. शतपावली करणारा जेवलेला हवा, म्हणून भटजींनी आपल्या घरी त्याच वेळी जेवायचं. दत्तोपंतांनी आचवलं की नीलांबरीकाकूने देवघरातली घंटा वाजवायची, म्हणजे भटजींनी निघायचं. शास्त्र शंभर पावलं म्हणतं आणि डॉक्टर पाव तास म्हणतो, तेव्हा दोघांचाही मान राहावा म्हणून एका मण्याला एक पाऊल अशा पंधरा माळा. घंटा झाली की यज्ञेश्वरभट गोमुखीत हात घालून वेशीच्या मारुतीपर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. इकडे दत्तोपंत डाव्या कुशीवर वळत आणि दुसऱ्या माळेला घोरायला लागत.

पहिला आठवडा भटजींनी देवाचं नाव घेत आणि दत्तोपंतांना शिव्या देत काढला. पोटात अन्न, अंगात सुस्ती, आणि रस्त्यात चिखल. वेशीपाशी लंकाबाई भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसायची. तिने आठ दिवस बघितलं आणि नवव्या दिवशी विचारलंच.

"भटजीबाबा, काय हरवलंय व्हय? लई येरझाऱ्या घालताय."

भटजींनी सांगितलं. लंकाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी साखर त्यांच्या अंगात हाय, आन् चालताय तुमी?"

"संकल्प आहे, बाई."

"आसंल. पर माज्या म्हशीला पेंड चारली, तर शेजारनीची म्हस दूध देती का?"

भटजींचा मणी चुकला. त्यांनी ती माळ पहिल्यापासून धरली, आणि पुढे लंकाबाईपाशी आले की ते डोळे मिटूनच जात.

दर बाजारच्या दिवशी नळी लालच व्हायची. डॉक्टर डोकं खाजवत. "दत्तोपंत, शतपावली रोज होते ना?"

"रोज. दोन्ही वेळा. एक दिवस खाडा नाही," दत्तोपंत म्हणत. शिरस्तेदार माणूस, शपथेवर खोटं बोलायचा नाही. कुणाची होते, ते डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

डॉक्टर गेले की दत्तोपंत भटजींवर घसरत. तुझ्या माळांत कसर आहे, तू वळणावर पावलं खातोस, सोळावी माळ धर. भटजी निमूटपणे सोळावी धरत. पितृपक्षात दिवसाला दोनदोन घरची पानं झाली, तरी घंटा ऐकली की ते उठले. आपल्या आळसापायी एका माणसाचे डोळे जायला नकोत, ही धास्ती त्यांच्या मनात बसली होती.

या गडबडीत एक गोष्ट मनकर्णाबाईखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही. नवरात्राच्या सुमाराला शेवग्याखालच्या मुंग्या गेल्या. भटजी पुन्हा एकाच तांब्यावर आले. रात्री एकदा पाठ टेकली की सकाळीच उठायचे. निऱ्या घसरेनाशा झाल्या. तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही. बोललं की दृष्ट लागते, आणि तिला तर रात्रीची झोप कितीतरी महिन्यांनी मिळाली होती.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी भटजी नेहमीसारखे ओट्याच्या पायरीवर बातम्या ऐकायला बसले होते. दत्तोपंत खणखणीत वाचत होते. इटलीत असं झालं, अमुक बेटावर तसं झालं. ऐकता ऐकता भटजींचं लक्ष कागदाकडे गेलं. वर्तमानपत्र उलटं धरलेलं होतं. आत दाराआड नीलांबरीकाकू उभी होती. दुपारी ती वाचून दाखवत असे आणि दत्तोपंत पाठ करून ठेवत, हे भटजींना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी मान खाली घातली. त्या दिवशी ते अठरा माळा चालले.

कार्तिकी द्वादशीला चारच दिवस उरले होते. बाजारचा दिवस होता. डॉक्टर सायकलवरून वेशीत शिरले आणि समोरून गोमुखीवाले भटजी येताना दिसले. डॉक्टरांनी सहज विचारलं, कुठे निघालात, आणि भटजी काही बोलायच्या आत लंकाबाईने सगळी हकीकत ओतली. डॉक्टर आधी हसले, मग सायकल मारुतीच्या भिंतीला लावून खाली बसून हसले. आणि भटजींच्या उतरलेल्या पोटाकडे लक्ष जाऊन एकाएकी थांबले.

"भटजी, चातुर्मासाआधी तुम्हाला तहान फार लागायची का?"

"लागायची."

"रात्री उठायचात?"

"तीनदा. आमची ही म्हणायची, मुंग्यासुद्धा लागतात."

"आणि आता?"

भटजी आठवू लागले. आठवायला बराच वेळ लागला, कारण सुखाकडे कुणाचं लक्ष असतं?

डॉक्टर त्यांना घरी घेऊन गेले आणि दिवा पेटवला. नळी तापली. निळ्या पाण्यात जराशी हिरवट झाक आली आणि तिथेच थांबली.

"भटजी, हा रोग तुम्हालाही होता. होता कसला, अजून आहे. पण चार महिने दोन्ही वेळा जेवून उठून चाललात आणि त्याला दाबून ठेवलंत. सोडलंत तर परत येईल. चांगली बातमी आहे, तोंड असं का केलंत?"

मनकर्णाबाईने देवापुढे साखर ठेवली. भटजी मात्र खांबाला टेकून बसले ते उठेनात. लंकाबाईची म्हैस त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. फळ इथे लागलं, म्हणजे तिथे लागलं नाही. आणि हे पोचलं नाही, तर मग आजवरचं काय काय पोचलं नसेल?

दत्तोपंतांना एक मुलगी होती, सुनीती. चौदा वर्षांपूर्वी, नऊ वर्षांची असताना, विषमज्वराने गेली. तेव्हा यज्ञेश्वरभटांनी तिच्या उशाशी बसून अकरा दिवस जप केला होता. त्या जपाकडे ते इतकी वर्षं मागे वळून बघत नव्हते. आता तो समोर येऊन बसला. चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. पण जेवले, आणि घंटा झाली की चाललेही.

द्वादशीला दत्तोपंतांकडे पान वाढलं होतं. जेवणं झाली. दत्तोपंत रेशमी मुकट्यातच पाटावर बसले आणि फळ घ्यायला त्यांनी उजवा हात पुढे केला. भटजींनी पळीत पाणी घेतलं. पळी हातावर धरली, आणि पाणी काही सोडेनात.

"सोड की. झोपेची वेळ झाली."

"दत्तोपंत, फळ माझ्यापाशी नाही. म्हणजे आहे, पण देता येत नाही. ते माझ्या अंगात गेलं."

मग त्यांनी नळीची गोष्ट सांगितली, मुंग्यांची सांगितली. दत्तोपंतांचा पुढे केलेला हात तसाच राहिला आणि चेहरा नळीसारखा पायऱ्या चढत गेला.

"चार महिने माझ्या नावावर चाललास आणि फळ तू खाल्लंस?"

"खाल्लं. श्राद्धाचं पान खातो तसंच. पितरांचं मला माहीत नाही, पोट माझंच भरत होतं," भटजी म्हणाले. असं काही त्यांच्या तोंडून आयुष्यात निघालं नव्हतं. स्वतःच्या बोलण्याला घाबरून त्यांनी पळी ताम्हनात टाकली आणि दाराबाहेर पडले.

"पळतोस कुठे? चोरा! थांब!" दत्तोपंत काठी घेऊन मागोमाग निघाले. अंगावर मुकटा, पायात काही नाही, सोवळ्याचं भान नाही. भटजी पुढे, दत्तोपंत मागे. भटजींच्या पायांना सवय होती, ते थांबेनात. दत्तोपंतांच्या तोंडाला सवय होती, तेही थांबेना. असे दोघं वेशीपर्यंत गेले.

"आज जोडीनं व्हय?" लंकाबाई म्हणाली.

मारुतीच्या कट्ट्यावर दत्तोपंत धापा टाकत बसले. भटजी समोर उभे राहिले. भांडण संपलं होतं आणि आतलं वर आलं होतं.

"दत्तोपंत, सुनीतीच्या वेळी मी अकरा दिवस बसलो होतो. तो जपही असाच माझ्यापाशीच राहिला असेल का हो?"

दत्तोपंतांनी काठी आडवी मांडीवर ठेवली.

"जपाचं देवाला ठाऊक," ते म्हणाले. "पण ती रात्री डोळे उघडायची आणि विचारायची, भटजीकाका आहेत ना अजून? आहेत म्हटलं की पुन्हा निजायची. अकराही रात्री. तुझा आवाज तिला ऐकू येत होता, यज्ञेश्वरा. तिच्या आईला अजून आठवतं ते. कधी बोलली नाही."

यज्ञेश्वरभट रडले. वेशीत, भर दुपारी, लंकाबाईच्या देखत. तिने शेंगा निवडायला घेतल्या आणि दुसरीकडे बघितलं.

"मग तुझं चालणं मला का पोचलं नाही?" दत्तोपंत जरा वेळाने पुन्हा शिरस्तेदार झाले.

"तुम्ही घोरत होतात."

"चल घरी. चालत जाऊ. आता दुसरं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा भटजी बाहेर आले, पण दत्तोपंत आले नाहीत. ते कुशीवर वळले होते. भटजींनी खिडकीशी जाऊन एवढंच म्हटलं, "नगरपेक्षा पुण्याच्या कोर्टाचा कारभार चोख हो." आतून काठीचा आवाज आला. वेशीपर्यंत जाऊन येईतो दत्तोपंतांनी पुण्याचं कोर्ट धुऊन वाळत घातलं. तेव्हापासून रोज दोन्ही वेळा जेवताना यज्ञेश्वरभट नव्या भांडणाचा विषय शोधत. एकदा तर लंकाबाईने सुचवला. "म्हनावं, लढाई जरमन जिकतोय. बगा कसं पळत येत्यात."

नळी काही लगेच वठणीवर आली नाही. पौषात नारिंगी झाली, माघात पिवळी. शिमग्याच्या आधीच्या बाजाराला डॉक्टरांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि हिरवी म्हणून सांगितली. जाताना नीलांबरीकाकूने त्यांच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्या.

त्या संध्याकाळी ओट्यावर गाव जमलं होतं. दत्तोपंतांनी लढाईच्या बातम्या वाचल्या. मग कागद जरा लांब धरून, कुणी न विचारता, शेवटच्या पानावरची केसांच्या तेलाची जाहिरात वाचायला लागले. किंमत वाचली, पत्ता वाचला, टपालखर्च वेगळा पडेल तेही वाचलं. मुंगीएवढी अक्षरं ती. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, की पंतांना आज झालंय काय?

यज्ञेश्वरभट पायरीवरून उठले आणि जवळ जाऊन वर्तमानपत्र सुलटं आहे का ते बघितलं. सुलटं होतं. आत दाराआड बांगड्या वाजल्या. काकूने आज दुपारी काहीच वाचून दाखवलं नव्हतं.

"बघतोस काय? तुझं काही श्रेय नाही यात. पावलं माझी होती," दत्तोपंत म्हणाले.

"तुमचीच," यज्ञेश्वरभट म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसत जेवायला घरी गेले, कारण थोड्याच वेळात घंटा होणार होती.